दुसरा फटका

आबा, श्रीलंकेच्या विमानात माणशी सात किलो सामान जवळ नेता येतं. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, "सात? मंग घोडी बी न्या की संगं!" आणि स्वतःच हसला असतात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी पिशवी भरायला बसले की आधी तुमचाच आवाज येतो. येत्या मंगळवारी लेक, नात आणि मी अशा तिघी दहा दिवसांसाठी निघणार आहोत. निघणार होतो, असं लिहायला हवं कदाचित. मी जाणार की नाही ते अजून ठरायचं आहे, आणि ते माझ्यावर अवलंबून आहे.

माझी पिशवी गेल्या रविवारीच भरून झाली. अर्धा तास लागला. तीन सुती कुडते, दोन सलवारी, टॉवेलऐवजी पंचा, पायातल्या सोडून चपलांचा एकच जोड. देवळांत खांदे झाकावे लागतात म्हणून एक मोठी ओढणी. तीच उन्हात डोक्यावर, तीच बसमध्ये पांघरायला. डासांचं मलम, जुलाबाच्या गोळ्या, पातळ रेनकोट, तिथल्या भिंतीत बसणारा प्लग. जीन्स कोणीही घ्यायची नाही हे मी फोनवर आधीच बजावलं होतं. दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही आणि ओली झाली की अंगाला दगड बांधल्यासारखी होते. साबण-तेल तिथे मिळतं, तिथेही माणसंच राहतात. हे मी कुठे वाचलेलं नाही. लहानपणी दरवर्षी चार-सहा महिने मेंढरांमागे कोकणात काढलेल्या बाईला दमट हवेबद्दल कोणी काही शिकवायला नको. बाप म्हणून तुम्ही शिकवलंत. कसं शिकवलंत, ते आज लिहिते.

दिवाळी झाली की आपलं बिऱ्हाड निरगुडसरहून निघायचं. मढला मुक्काम पडायचा आणि घाट उतरण्याआधी तुमची तपासणी व्हायची. प्रत्येकानं आपलं गाठोडं डोक्यावर घेऊन उकिडवं बसायचं आणि हात न टेकता उठायचं. तीनदा. तिसऱ्यांदा जो डगमगला त्याच्या गाठोड्यातलं काहीतरी मढलाच राहायचं, मग तो रडो की पाया पडो. त्यानंतर घोडीची पाळी. तिच्या दोन्ही अंगांची पोती तुम्ही हातानं तोलायचात, इकडचं मूठभर पीठ तिकडे करायचात, आणि गाठ मारायचात. तुमची गाठ पडली की तिला कोणी हात लावायचा नाही. मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आईनं हात लावला. तुमची पाठ वळल्यावर तिनं गाठ सोडली, डाव्या अंगाच्या पिठाच्या पोत्यात आपला वरवंटा खुपसला आणि गाठ पुन्हा बांधली. तिच्या माहेरचा, काळ्या दगडाचा. आदल्या दिवशीच सोबतच्या बाया तिला हसल्या होत्या, "कोकनातल्या धोंड्यानं चटनी वाटली तर तोंड वाकडं व्हतंय व्हय गं तुजं?" आई म्हणाली होती, "व्हतंय. बगा की!" मी सगळं पाहिलं आणि गप्प राहिले.

घाटाच्या पायवाटेवर, तिसऱ्या वळणाला, ओझं डावीकडे सरकतं. घोडी कलते, सावरायला जाते, तिचा पुढचा पाय खडकांच्या फटीत जातो. हाड मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, सुक्या फांदीसारखा. ती गाभण होती. तुम्ही कुऱ्हाड मागता. कोणीच देत नाही, म्हणून स्वतः जाऊन ओढून घेता आणि उलट्या बाजूनं तिच्या कपाळावर घालता. पहिल्या घावाला ती उठायला बघते. चौथ्याला संपते. तुमच्या दाढीला रक्त लागलेलं आहे आणि तुम्ही पोतं उपसत आहात. पिठातून वरवंटा निघतो.

"कुनी भरलं ह्ये?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. तरी मीच म्हणाले, "आयनं."

"ज्या हातानं भरलंस त्यो हात ठिव हितं," तुम्ही आईला म्हणालात आणि खडक दाखवलात.

सोबतचा एक म्हातारा पुढे झाला. "बास करा राव. घोडी गेली. आता बाईमानसाचा हात नगा घालवू."

"तुमी तुमची घोडी सांबाळा."

आईनं हात ठेवला. मला वाटलं होतं ती पळेल. तुम्ही तोच वरवंटा उचललात. तीन बोटं फुटली. पहिल्या वेळी ती ओरडली, मग नाही. "वाट आता चटनी," असं म्हणून तुम्ही वरवंटा दरीत भिरकावलात. खाली जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, खरं बोलल्याबद्दल असेल. त्या संध्याकाळी आईनं डाव्या हातानं भाकरी थापल्या आणि तुम्ही त्या खाल्ल्यात. उजव्या हातात पुढे तिला कधी सुई धरता आली नाही.

लोक हसत असताना मला जुन्नरच्या कॉलेजात घातलंत तेही तुम्हीच. "आमची पोर मेंढरामागं न्हाई जायची," असं पेठच्या नातेवाइकांना सुनावलंत. ते मी विसरलेले नाही. मी शिक्षिका झाले, आणि माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. छडी मी मोजून मारायची, तळहातावर, चूक सांगून. त्याला मी शिस्त म्हणायची. घरात तुमची गोष्ट मी नेहमी अर्धीच सांगितली. आमच्या आबांनी एका घोडीवर अख्खा संसार कसा बसवला, मढला सगळ्यांना उठाबशा कशा काढायला लावल्या, ओझं सरकून घोडी कशी गेली. पुढचं कोणाला सांगितलं नाही. लेकीला आणि नातीला ती गोष्ट आवडायची.

रविवारी त्या दोघी पुण्याहून इथे आल्या ते माझ्या हाताखाली पिशव्या भरायला. मी काट्यावर वजनं केली आणि जेवणानंतर तुमचीच तपासणी लावली. लेक तीनदा उठली, धापा टाकत म्हणाली, "आई, तू एअरपोर्टवाल्यांपेक्षा कडक आहेस." नात दहा वर्षांची. ती दुसऱ्यांदाच कोलमडली आणि जमिनीवर लोळून हसायला लागली. लेक भांडी आवरायला आत गेली. मी नातीची पिशवी उघडली. तळाशी टॉवेलात गुंडाळलेले स्केटिंगचे बूट.

"हे काय?"

"अगं आजी, तिथे समुद्राकाठचा रस्ता एकदम गुळगुळीत आहे. मी व्हिडिओत बघितलाय!"

"वजन केलं तेव्हा हे नव्हते."

"नंतर घातले," ती म्हणाली. अजून हसत होती.

मी तिच्या थोबाडीत मारली. ओठ दातावर आपटून फुटला. ती "सॉरी आजी, काढते," म्हणून वाकली. बूट काढले. शेजारी शेजारी नीट जमिनीवर ठेवले. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं ते मनगटानं पुसलं. तेव्हा मी कॉटवरचा लाकडी हँगर उचलला आणि तिच्या त्या हातावर मारला. हँगरचे दोन तुकडे झाले.

लेक धावत बाहेर आली. तिनं पोरीला उचललं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि मला म्हणाली, "ती तुझ्या गोष्टीतली घोडी नाहीये, आई. माझी पोरगी आहे." मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "ओठाला बर्फ लाव." पाच मिनिटांत त्या गाडीत बसून निघून गेल्या. हाड शाबूत आहे असं नंतर कळलं. हात कोपरापर्यंत काळानिळा आहे.

काल लेकीचा मेसेज आला. "तुझं तिकीट रद्द केलेलं नाही. ती अजून म्हणते आजीला नेऊ या. पण मारलंस का ते तिला सांग. राग आला, एवढं चालणार नाही. राग पहिल्या वेळी आला असेल. दुसऱ्यांदा का मारलंस ते तिला कळायला हवं. उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलं नाहीस तर आम्ही दोघीच जातो."

संध्याकाळ व्हायला आता दोन तास आहेत. सकाळपासून मी चारदा लिहिलं आणि पुसलं. एकदा घाटातलं सगळं लिहिलं, आईच्या बोटांसकट. वाचून पाहिलं तर त्यात सगळा दोष तुमचा होता आणि मी अकरा वर्षांची होते. पुसून टाकलं. रविवारी त्या खोलीत तुम्ही नव्हतात, आबा. मी होते, बासष्ट वर्षांची, आणि हँगर मी निवडून उचलला. शेजारी कपड्यांचा ब्रश पडलेला होता, तो हलका होता.

लेक बरोबर ओळखते. पहिला हात रागानं उठला. दुसऱ्या वेळी राग संपलेला होता. पोरीनं ऐकलं होतं, माफी मागितली होती, बूट काढून ठेवले होते, आणि ती माझ्यासमोर इतकी लहान होऊन उभी होती की आता मी काहीही केलं असतं तरी तिनं ते सोसलं असतं. ते मला दिसलं म्हणून मी मारलं. मारताना मला बरं वाटलं. तुम्हालाही वाटलं होतं का, हे विचारून आता उपयोग नाही. 'मारताना मला बरं वाटलं' हे वाक्य दहा वर्षांच्या मुलीला पाठवायचं आहे आणि तिला ते वाचता येतं, म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहिलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून सोपं गेलं.