दुसऱ्याच्या पोरांसाठी दिलेलं रक्त

बाबा, भांडुपच्या आपल्या चाळीत तुम्ही रक्त दिलंत त्या दिवशी मी तुमच्यावर किती चिडले होते, आठवतंय? विद्यापीठातल्या एक बाई आल्या होत्या. कोकणातल्या लोकांचं रक्त वर्षानुवर्षं जपून ठेवायचं, त्यातली जनुकं तपासायची, घराण्यात कुठला आजार उतरतो ते शोधायचं, असं काहीतरी सांगत होत्या. बिचाऱ्या संमतीचा कागद मोठ्यांदा वाचत होत्या आणि तुम्ही सगळी मंडळी, गावच्या गाऱ्हाण्याला देवापुढे म्हणता तसं, प्रत्येक वाक्याला एका सुरात, "होय म्हाराजा!" बाई गोंधळल्या. "अहो, नाहीसुद्धा म्हणता येतं तुम्हाला." त्यावरही सगळे, "होय म्हाराजा!"

मग तुम्ही बाही वर करता आणि विचारता, "ह्येचो माझ्या पोरांक काय उपेग?" बाई खरं तेच सांगतात. "तुमच्या मुलांना होईलच असं नाही, काका. कदाचित खूप वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या." तुम्ही हात पुढे करता. "दुसऱ्याच्या पोरांक झालो तरी चलात. घेवा." घरी आलात ते रक्त दिल्यावर मिळालेला बिस्किटांचा पुडा न फोडता, माझ्यासाठी घेऊन. मी भडकलेच. गिरणी बंद पडली, वॉचमनकी करताय, अंगात रक्त आहे कुठे, आणि तेही लोकांना वाटत सुटलात? डोकं ठिकाणावर आहे का? नकोत मला तुमची बिस्किटं! तुम्ही पुडा मांडणीवर ठेवलात आणि कामावर गेलात.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी जिना चढताना छातीला हात लावून बसलात, ते उठलाच नाहीत. आजोबा असेच गेले, काकाही. "आपल्यात बापये टिकत नाहीत," आई म्हणायची. गावच्या राखणदार देवाचं काहीतरी द्यायचं राहून गेलंय, असं तिला वाटायचं. मीही तेच मानत आले. मला मुलगा झाला तेव्हा पेढे वाटतानासुद्धा मनात हेच, हा किती वर्षं टिकेल?

तो आता सतरा वर्षांचा आहे. कॉलेजच्या तपासणीत त्याच्या रक्तात इतकी चरबी निघाली की लॅबवाल्यांनी दोनदा तपासलं. फिरत फिरत आम्ही त्याच विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे पोचलो. त्या म्हणाल्या, "याच्या एका जनुकात बदल आहे. परदेशातल्या याद्यांत तो नाही. घातक आहे की नाही, आम्हाला सांगता आलं नसतं. पण आमच्या बायोबँकेत कोकणातल्या लोकांचे जुने नमुने आहेत. त्यातल्या काहींत हाच बदल सापडला, आणि रक्त देताना त्यांनी घरातले पुरुष लवकर गेल्याचं सांगितलं होतं. म्हणून कळलं." मी विचारलं, "मग आता?" "आता गोळ्या. रोज, न चुकता. तुमचा मुलगा म्हातारा होईल, ताई."

म्हातारा होईल! बाबा, आपल्या घरात कुणाला कधी कुणी असं म्हणालंय? मी तिथेच हमसून हमसून रडले. पोरगा मला ढोसतोय, "आई, बस ना यार, लोक बघतायत."

मी विचारलं, त्यात माझ्या बाबांचं रक्त आहे का? त्या म्हणाल्या, नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आम्हालाही कळत नाही. त्यांनी काचेतून फ्रीझरची खोली दाखवली. पांढरी कपाटं, आणि सतत घुंऽऽ असा आवाज. तुमची राख समुद्रात सोडून वीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्ही इथे कुठल्यातरी कपाटात अजून ड्युटीवर आहात! कुठल्या ते कळेना, म्हणून मी सगळ्याच कपाटांना हात जोडले. त्या नळ्यांच्या लेखी माझा मुलगा दुसऱ्याचंच पोर, बाबा. तरी त्याला उपेग झाला.

मग मीही बाही वर केली. नर्स कागद वाचत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "होय म्हाराजा." तिला काही कळलं नाही.

बिस्किटांचा पुडा अजूनही देतात. तो समोर ठेवून हे लिहितेय, पाठवणार कुठे म्हणा. पण एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर तो पुडा मी उभ्या उभ्या संपवला. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, तेव्हा उंदरांनी नेला म्हणाले.