तारखेची जागा रिकामी

सौंसर

प्रिय देवीदास,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला हसू येईल. पण माझा फोन कंपनीचा आहे आणि त्यातलं कोण काय वाचतं, हे आता मला सांगता येत नाही. म्हणून हे पाकीट नागपूरला निघालेल्या ओळखीच्या बाईंच्या हाती देतेय.

स्टँडसमोरच्या तुमच्या पेपरच्या ऑफिसात आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. जिल्ह्याचं पान बंद झालं आणि तू नागपूरला जाहिराती लिहायला निघालास, तेव्हा म्हणाला होतास, वृषाली, आता तुझं काम सोपं होईल. मलाही तसंच वाटलं होतं. संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजची जनसंपर्क अधिकारी म्हणून मी बातमी पाठवली की तुझा फोन ठरलेला. माल कोणाचा, परवानगी कोणाची, बायांना हातमोजे दिले का? मी वैतागायचे. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्याच नावावर मी मॅनेजर अतुल साहेबांकडून कामं करून घ्यायचे. देवीदास विचारेल, एवढं म्हटलं की मास्क यायचे, मागच्या दाराचं कुलूप निघायचं.

आता मी पत्रकारांच्या ग्रुपवर मजकूर टाकते आणि चहा निवायच्या आत तो सगळ्या पोर्टलवर येतो. माझंच शीर्षक, माझ्याच शुद्धलेखनाच्या चुका. पांढुर्ण्याचा मोरेश्वर एकटाच तीन पोर्टल चालवतो, कुठे जाऊन बघायला त्याला वेळ कुठून मिळणार? प्रतवारीच्या खोलीतल्या अमोनियाच्या पाइपचा जुना व्हॉल्व बदला म्हणून मी साहेबांच्या मागे लागले, तर ते हसून म्हणाले, "आता विचारायला कोण राहिलंय, मॅडम?"

मार्चमध्ये त्याच व्हॉल्वमधून अमोनिया सुटला. भर दुपारी. प्रतवारीच्या बाया डोळे चोळत बाहेर पळाल्या. रामाकोन्याची विजयमाला मात्र आतच पडली. तिला उचलून गाडीत घालेपर्यंत माझाही घसा जळत होता. मी तिच्यासोबत नागपूरच्या दवाखान्यात गेले आणि तिथे बाकावर बसून फोन उघडला, तर बातमी आलेलीही होती: उन्हामुळे महिला कामगाराला चक्कर, प्रकृती स्थिर. खाली माझं नाव. मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. विचारलं तर साहेब म्हणाले, "चार ओळी तर होत्या. कॉम्प्युटरनंच बनवून दिल्या. तुम्ही बिझी होत्या ना!" विजयमालाचा आवाज अजून परत आलेला नाही. ती खुणा करून बोलते. तिच्या घरी एकही पत्रकार गेला नाही. मी खुलासा लिहून मोरेश्वरला पाठवला. त्याने तो वाचला, निळ्या खुणा आल्या, आणि संध्याकाळी त्याच्या पोर्टलवर आमच्या कंपनीची मोठी जाहिरात झळकली.

व्हॉल्व अजून तोच आहे. त्याच्यावर कापड गुंडाळून वरून रंग दिलाय. पण मला भीती बसली ती परवापासून. साहेबांनी मला एक मजकूर नजरेखालून घालायला दिला. दुर्दैवी घटनेबद्दल कंपनीला तीव्र दुःख, सुरक्षिततेचे सर्व नियम पाळले होते, मृतांच्या कुटुंबीयांना मदत. तारखेची जागा रिकामी. आकड्याची जागा रिकामी. मी म्हटलं, साहेब, हे कशाबद्दल? तर म्हणाले, "तयारी ठेवलेली बरी. तेव्हा घाई होते." कँटीनचं बिल पुढे सरकवावं, तसा तो कागद त्यांनी सरकवला होता. मी सही केली नाही. पण माझ्या सहीवाचून आता काय अडतं?

देवीदास, सोमवारपासून त्याच प्रतवारीच्या खोलीत स्नेहाला लावलंय. तुझी बहीण तिथे कामाला लागली, हे तिने तुला सांगितलं नसेल. मला रजिस्टरमध्ये नाव दिसलं तशी मी तुमच्या घरी धावले. स्नेहा हसण्यावारी नेऊ लागली. तुझ्या आईला, मावशींना, विजयमालाचं सगळं सांगितलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मोबाइलवर तर ऊन लागलं म्हनून होतं ना, बाई. तुह्याच नावानं होतं." या गावात माझ्या शब्दाला आता किंमत राहिली नाही. तुझ्या शब्दाला आहे. फोन करू नको, फोनवर ती हो म्हणेल आणि कामावर जाईल. मिळेल त्या बसने ये आणि तिला घरी थांबव.

वाट बघणारी तुझीच,
वृषाली