छताचा रंग वाळेपर्यंत

कारागंदा, ७ एप्रिल १९७४

चि. फैझुल्लो यास मुकर्रमअपाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे धड आहोत. धड नाहीत ते माझे डोळे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितलाय. गेली ती नजर गेली, आहे ती थेंब घालून जपायची. हिवाळ्यापर्यंत टिकेल, पुढचं सांगत नाही, असं म्हणाल्या. घरी येऊन चहा केला आणि म्हटलं, माहेरी लिहावं.

फैझू, मला बुखारा बघायचंय. आईच्या मयताला आले ती रडून परत गेले, शहर असं पाहिलंच नाही. आता हौजाच्या काठी बसेन, तुतीवरून पाण्यात उड्या मारणारी पोरं बघेन. मिनारावरचं संध्याकाळचं ऊन, करकोच्यांची घरटी, घुमटाखालच्या बाजारातले टोप्यांचे ढीग, सगळं सगळं बघेन. आणि तुझं टक्कल! सोहिबाने लिहिलंय की नवऱ्याचं डोकं आता मिनारापेक्षा चमकतं.

तंदूरमागची आपली खोली आहे ना रे? तिथली भिंत उकरून मी माती खायचे म्हणून आईने काय बदडलं होतं मला! तुझे भावोजी गेल्यापासून इथे काळं झालेलं बर्फ आणि खाणीचा धूर बघून जीव विटला. मे महिन्यात निघते.

लोभ आहेच. तो सांभाळून ठेव, घ्यायला येतेय.

तुझी,
मुकर्रमअपा


बुखारा, २ मे १९७४

ति. मुकर्रमअपास धाकट्या फैझुल्लोचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडलो, मग हसलो. सोहिबा म्हणाली, वेड लागलं की काय. ये अपा, जरूर ये, पण मे नको. पाहुण्यांच्या खोलीचं छत हिवाळ्यात गळलंय, एक तुळई वाकलीय. इतक्या वर्षांनी बहीण आली आणि फैझुल्लोने तिला घमेल्यांच्या मधे झोपवली, असं मोहल्ल्यात झालं तर चायखान्यात कुठल्या तोंडाने बसू? समोरच्या एर्गाशने छत रंगवून घेतलंय, लाल-हिरवी वेलबुट्टी, बघून मान दुखते. आपलंही तसंच करतो. तू बघायलाच येणार ना? मग बघण्यासारखं काही नको का? छताच्या कारागिराला, उस्तादाला, विसार दिलाय.

सप्टेंबरात खरबुजं गोड होतात, तेव्हा ये. तंदूरमागच्या खोलीचं मात्र नाव काढू नकोस, लाज वाटते. तिथे कांदे भरलेत. तिचीही डागडुजी करेन, पण सगळ्यात शेवटी. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझ्या रागालोभाचा धनी,
फैझुल्लो


कारागंदा, २० ऑगस्ट १९७४

चि. फैझुल्लो यास आशीर्वाद, वि. वि.

अरे, मी पाहुणी कधीपासून झाले? माहेरी येणाऱ्या बाईला छत लागत नाही, उंबरा पुरतो. पण तुला सांगून काय उपयोग! लहानपणी पतंगाला शेपूट लावत बसायचास आणि तोवर वारा पडायचा.

बरं, खरं सांगू? मलाही वेळ मिळाला ते बरंच झालं. रिकाम्या हाताने भावाच्या दारात येऊ की काय? तुझ्यासाठी आणि तुझ्या लेकासाठी, मुरोदसाठी टोप्या भरतेय, सोहिबाला आणि मुरोदच्या नवरीला झग्याच्या पट्ट्या. सुईत दोरा नात ओवून देते, आपली झेबो. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या भरतकाम बंद. मी म्हटलं, बुखाऱ्याची लेक मोकळ्या हाताने माहेरी गेलेली ऐकलीत का कधी? या पत्रातल्या ओळी वर चढल्या असतील तर सांभाळून घे.

तू तारीख कळव, मी गाडीत बसते. माया करतोस, तशीच करत राहा.

तुझी,
अपा


बुखारा, ६ ऑक्टोबर १९७४

ति. अपास सलाम, वि. वि.

तारीख कळवायला उशीर झाला, खरबुजंही संपली, तुझ्यापुढे मान खाली आहे. काय सांगू? उस्ताद येतो, चहा पितो, वर बघतो, सुस्कारा टाकतो आणि जातो. आता कुठे फळ्या बसल्या. छत नवं झाल्यावर अंगण डोळ्यांत खुपायला लागलं, म्हणून जुना ओटा काढला, दाराची पायरी बदलली, उंबराही नवा केला. ओळखणारच नाहीस घर! रंग वाळायला अजून महिना जाईल, आणि त्या वासाने तुझ्या डोळ्यांची आग व्हायची. मग थंडी. त्यापेक्षा वसंतात, नवरोजला ये, तुतीला पालवी असते.

हिवाळ्यापर्यंतच, असं त्या बाई म्हणाल्या होत्या, हे लक्षात आहे माझ्या. पण डॉक्टर नेहमी वाढवूनच सांगतात. आपल्या आईला त्यांनी किती वेळा मारली होती, आठवतं ना? आणि ती दर वेळी उठून पुलाव मागायची.

थोडं थांब. थांबल्याचं चीज होईल.

तुझा,
फैझुल्लो


बुखारा, २० फेब्रुवारी १९७५

ति. अपास सलाम, वि. वि.

झालं! अपा, छत झालं! तुझं नोव्हेंबरचं पत्र दोनच ओळींचं, त्याही एकमेकींवर चढलेल्या. रागावलीस ना? रागाव, पण ये. एर्गाश बघायला आला आणि चहा न पिताच गेला, यावरून काय ते समज. नवरोजच्या आधी कागानच्या स्टेशनवर उभा राहतो. तारीख तुझी, हुकूम तुझा.

वाट बघणारा,
फैझुल्लो


कारागंदा, ९ मार्च १९७५

चि. फैझुल्लो यास आशीर्वाद, वि. वि.

अक्षर झेबोचं आहे, बोलणं माझं.

रागावले नव्हते रे. त्या ओळी मला दिसतच नव्हत्या. जानेवारीत उरलंसुरलंही गेलं. खिडकीकडे तोंड केलं की उजेड आहे एवढं कळतं, बस्स. तुला कळवलं नाही, कारण तू छत रंगवत होतास.

टोप्या झाल्या. शेवटची चाचपून पुरी केली. तिचा एक कोपरा फसलाय, ती तू घे, मुरोदला चांगली दे. पोस्टाने पाठवतेय. मी नाही येत. येऊन काय करू? नव्या पायरीला ठेचकाळेन. तुझ्या छताखाली मान वर करून बसेन आणि मोहल्ल्यातल्या बायका चुकचुकतील. ते नको मला. छत कसं झालंय ते लिही, झेबो वाचून दाखवेल.

दोष तुला एकट्याला देत नाही. मीही टोप्यांवर नजर उधळलीच की. पण खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटतं. मे महिन्यात मला तुझं टक्कल दिसलं असतं.

माया आहे तशीच आहे.

अपा


बुखारा, १८ मार्च १९७५

चि. झेबो, हे आजीला मोठ्याने वाच, आणि एक शब्द गाळू नकोस.

ति. अपास सलाम.

तुझं पत्र नव्या छताखालीच बसून वाचलं. नंतर वर बघवलं नाही. त्याचं वर्णन लिहिणार नाही, मागू नकोस. शंभर माणसं त्याला छान म्हणतील, पण ज्या एका बाईसाठी केलं तिला मीच थांबवून ठेवलं. पतंगाचं तू म्हणालीस ते अगदी खरं. गाढव आहे मी.

सगळ्या घरातून फिरलो. तू हाताने ओळखशील असं काहीसुद्धा मी शिल्लक ठेवलं नाही. ओटा गेला, पायरी गेली, उंबराही गेला. अंगणात बसून पोरासारखा रडलो. तेव्हा सोहिबा म्हणाली, तंदूरमागची खोली राहिलीय की अजून.

कांदे काढले. अपा, तिथे काही बदललेलं नाही. दार तसंच बुटकं, माझं डोकं आपटलं. जमीन कोनाड्याकडे उतरती, आपले अक्रोड घरंगळायचे तशी. तंदूर पेटला की भिंत ऊबदार होते. आणि खाली कोपऱ्यात तू खाल्लेलं ते भोक. मी बोट घालून बघितलं, अजून माती सुटते. या खोलीत तुला कुणी हात धरून न्यायला नको, तूच मला नेशील.

शनिवारी निघतोय तुला आणायला. टोप्या पोचल्या, फसलेली घालूनच येतो. नको म्हणालीस तर तुझ्या दारात बसून राहीन.

लोभ असू दे म्हणायला तोंड राहिलं नाही, तरी म्हणतो.

तुझा,
फैझू

ता. क. उस्ताद आत्ताच चुना घेऊन आला होता, ते भोक बुजवायला. हाकलून दिला.