कँडीचं विहार

कोलंबो, रविवार, मार्च २००४

हळदीच्या सौद्याची बोलणी उद्यावर गेली, म्हणून आज एकटाच बसनं कँडीला जाऊन आलो. विहारात पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बायांची रांग होती. सगळ्यांच्या हातात कमळं, मीच रिकाम्या हातानं. एकीनं आपल्यातलं एक कमळ मला दिलं. ते वाहिलं, वंदना म्हटली, पण मन लागेना.

पुसेगावातून निघताना माय म्हणाली होती, "मलाबी ने की रे. मरायच्या आधी तिथलं विहार पाहीन."

मी तोडूनच टाकलं, "कामाला चाललो माय, फिरायला न्हाई."

निघायच्या आधी फोनवर बोलणी तीन महिने चालली होती. तेवढ्यात तिचा पासपोर्ट निघाला असता. काहून नाही काढला? कमळ देताना त्या बाईचा हात थरथरत होता, अगदी मायचा थरथरतो तसा.

संध्याकाळी फोन लावला. तिनं पहिलं तेच विचारलं, "विहार पाहिलं का?"

खोटंच बोललो. "न्हाई गं, दिवसभर कामच होतं."

"मग बरं झालं मी आले न्हाई. तुला तकलीफच झाली असती."

खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात "दमला असशील लेकरा, नीज आता," म्हणून तिनंच फोन ठेवला.