शून्य आलं त्याची गोष्ट

३ मार्च, सकाळी ९.४०
संकल्प: आपला स्फटिक टोपॉलॉजिकल सुपरकंडक्टर आहे, त्यातून वीज विनाअडथळा वाहते, हे महिनाअखेर सिद्ध करायचं. व्याख्यानाचा मसुदा तयार. मोजमापं तेवढी राहिलीत.

६ मार्च
थंडाव्यासाठी लागणारा हेलियम भराभर संपतोय. अण्णा म्हणाले, नळीचा जोड गळतोय, दोन दिवस काम थांबवू. मी चालूच ठेवलं. अण्णा आमचे टेक्निशियन. निवृत्तीला आठ महिने उरलेत, त्यामुळे घाई कसली ते त्यांना कळत नाही.

९ मार्च, दुपारी २
रेझिस्टन्स शून्य. चक्क शून्य. घरी फोन केला. बायको म्हणाली, शून्य आल्यावर एवढं काय हरखायचं? सोडून दिलं.
अण्णांची शंका: मोजायच्या दोन तारा आत एकमेकींना चिकटल्या असतील, म्हणून खोटं शून्य दिसतंय, उघडून बघू. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

११ मार्च
हेलियम साठून खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा भिंतीवरचा अलार्म सारखा कोकलतोय. त्याने रीडिंगमध्ये खरखर येते. प्लग काढला. अण्णांनी परत लावला. शेवटी अलार्मच उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप घातलं.
अण्णा हळूच म्हणाले, "सर, तो आपल्यासाठीच वाजतो."

१२ मार्च
डोकं जड, पण मन पिसासारखं हलकं. कल्पना नुसत्या धो धो. अक्षर वेडंवाकडं येतंय. हात विचारांना पुरा पडत नाही, दुसरं काय. अण्णांनी दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवलं होतं. खुर्ची काढली. उद्या दार लावून सलग बसणार.

१७ मार्च, हॉस्पिटल
परवा डिस्चार्ज मिळेल. मी तेराला कोसळलो म्हणे. अण्णांनी मला फरफटत पॅसेजमध्ये आणलं आणि हेलियमचा व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेले. कोणी सांगितलं होतं? ते अजून व्हेंटिलेटरवर आहेत.
शेजारच्या लॅबवाल्यांनी यंत्र उघडलं. तारा चिकटलेल्याच होत्या. पण एवढ्यावरून माझी थिअरी चुकीची ठरत नाही.

१९ मार्च
निघताना आयसीयूबाहेर अण्णांची मुलगी भेटली. सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली होती. तिने विचारलं, अलार्म का वाजला नाही? मी म्हटलं, समिती नेमलीय, चौकशी चालू आहे.
ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारतेय."
लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरलो.