गुडघ्याएवढ्या उंचीवरचा प्लग

सातारा,
रविवार, दि. १२ मे २०२४

अहो,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. लेकीकडे, ऋचाच्या घरी, सगळे मजेत. अबोलीचा पुढचा दात पडला. आजोबांना दाखवायचा म्हणून तिने तो काडेपेटीत जपून ठेवलाय.

फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बघू' यापलीकडे जात नाही, म्हणून पत्र. पत्राला 'हं' म्हणता येत नाही. ऋचा उद्या सांगलीला येते आहे, तिच्याबरोबर देते.

बातमी अशी, की घर पक्कं केलं. गोडोलीत, दुसरा मजला, लिफ्ट आहे. विसार माझ्या फंडातून दिला, तेव्हा कपाळावर आठी पाडायचं कारण नाही. गुरुवारी खरेदीखत. त्याआधी आज शेवटचं बघून आले.

माझं बघणं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या स्थळाची एवढी चौकशी आमच्याकडच्यांनी केली नव्हती, त्याची फळं मी भोगतेच आहे. सगळे नळ एकदम सोडले. बाथरूममध्ये बादली ओतून पाणी जाळीकडे जातं की उंबऱ्याकडे ते पाहिलं. फरशा नाण्याने वाजवल्या. एजंट शंभूराज, गॉगल कपाळावर, सारखा विचारत होता, "मॅडम, साहेब कवा येनार बघायला?"

"साहेब पाणी बघायला जातात," मी म्हटलं. "घरं मी बघते."

खोटं आहे का? आयर्विन पुलावर छत्री घेऊन उभं राहायचं आणि कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते अख्ख्या गावभागाला सांगत यायचं, हा ज्याचा पावसाळा, त्याला घर काय दाखवायचं?

घरमालक आकाराम, निवृत्त सुभेदार. आता गावी उसात रमायचं म्हणतात. हॉलमध्ये कॅलेंडर होतं, पण छताला टेकेल इतकं उंच. तारीख बघायला शिडी लागावी. मी स्टूल मागितलं. कॅलेंडर उचललं, तर मागे परातीएवढी ओल.

"आवं ताई, त्यो डाग न्हाई," सुभेदार म्हणाले. "गेल्या पावसाची सही हाय ती."

"मग तिच्याखाली माझी सही होणार नाही. गुरुवारच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर तुम्ही आणि कॅलेंडर दोघंही इथंच राहा."

आतून त्यांच्या सौ. मनुबाई कडाडल्या, "म्या सांगत व्हते न्हवं, देवाचा फोटू लावा म्हून! देवाला कोन उचलून बघतंय?"

माणूस फौजेतला. संध्याकाळच्या आत गच्चीवर माणसं चढवली.

सातारकर घर बघताना वर बघतो, हे मला तिथं कळलं. मी मात्र खोलीखोलीत गळ्याच्या उंचीवर भिंतीवरून तळहात फिरवत होते. रंग फुगलाय का, गाळाची रेघ कुठं आहे. तेही दुसऱ्या मजल्यावर! शंभूराज म्हणाला, "मॅडम, काय हुडकताय?"

"पाणी कुठवर आलं होतं ते."

त्याने गॉगल डोळ्यांवर घेतला. कृष्णा इथंही आहे, पण माहुलीला, आपल्या पायरीने राहून.

मग आतल्या खोलीत तो प्लग दिसला. साधा, पिवळा पडलेला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. आपण पुरानंतर घरातले सगळे प्लग खांद्याच्या वर नेले. इस्त्री करताना वायर माझ्या नाकासमोर लोंबते. इतक्या खाली प्लग ठेवायची हिंमत असलेलं घर मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. खाली बसले, याच गुडघ्यांवर, आणि रडले. बोर्ड बघून रडणारं गिऱ्हाईक शंभूराजला पहिलंच. गडबडून म्हणाला, "मॅडम, आवं, नवीन बसवून देतो की!"

तुम्हाला वाटतं मी पाण्याला भ्याले. नाही हो. एकोणीस साली होडी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू हो पुढं, मी घर राखतो." एकवीसलाही तेच. दोन्ही वेळा मी होडीतून वळून पाहिलं. गच्चीवर तुम्ही, हातात टॉर्च, होडी लांब जाईल तसतसे लहान होत गेलेले. पाणी उतरलं, गाळ धुतला. तेवढं धुतलं गेलं नाही. मला भीती त्या वळून बघण्याची वाटते. तिसऱ्यांदा मी त्या होडीत बसणार नाही.

लिहायचं एवढंच होतं. बाकीचं सगळं फरशांचं.

भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा तुम्हाला सोडवत नाहीत, मला माहीत आहे. ऋचाची उंची आणि कृष्णेची उंची, शेजारी शेजारी. ऋचा पाच फूट दोन इंचांवर थांबली. कृष्णा थांबली नाही.

या घराला पश्चिमेची खिडकी आहे. तुमची आरामखुर्ची बसते, टेप लावून बघितलं. समोर अजिंक्यतारा. तो चढत नाही, उतरत नाही, त्यामुळे सुरुवातीला तुम्हाला कंटाळा येईल.

खरेदीखतात दोन नावं घालायला सांगितली आहेत. गुरुवारी अकरा वाजता, रजिस्ट्रार ऑफिस. आधार, पॅन, दोन फोटो. फोटोत हसलात तरी चालेल. नाही आलात तर कागद माझ्या एकटीच्या नावावर होईल, पण होईल.

आणि ती पेन्सिल आणा. अबोलीला भिंतीशी उभी करायची आहे. इथं तिच्या शेजारी वाढणारं दुसरं कुणी नाही.

खरेदीखतात तुमच्या नावाच्या अगोदरची,
चारुशीला