हिरव्या साडीला तांबडी म्हणणारं स्थळ

परभणी, डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप भागम्मामावशीस, बसम्माचा शरणार्थ आणि पायावर डोकं.

तुझे गुडघे कसे आहेत? आमच्या जिंतूरच्या घरून वालूरला परत जाताना एसटीत जागा मिळाली नाही आणि तू उभ्यानं गेलीस, असं आईनं कळवलं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. (हे लिहिताना लाडू खातेय, पण तो तूच पाठवलेला आहे.) इकडे वसतिगृहात सगळं ठीक. पत्राला उशीर झाला, कारण तुझे उपकार कुठून सांगायला सुरुवात करावी तेच कळेना.

त्या दिवशी मला बघायला पाथरीचं स्थळ आलं, तेव्हा आईनं मला बजावून ठेवलं होतं की विचारतील तेवढंच बोलायचं, आणि विचारलं तरी थोडंच. त्यामुळे मुलाच्या वडिलांनी, नागप्पांनी, "मंग, काय शिकायलात तुमी?" असं विचारल्यावर आईच घाईनं म्हणाली, "तिला पुरणपोळी लय छान येती." तेव्हा तू कोपऱ्यातून म्हणालीस, "पोळीचं पोळीच्या वेळेला बघू. पोरगी एमएस्सी करायलीय, ते तिला सांगू द्या की." मावशी, त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुझे गुडघे चेपायला तयार आहे.

मग मी सुटलेच. जनुक म्हणजे शरीराला काम सांगणारा मजकूर, तो आईबापांकडून लेकरांत उतरतो, आणि उतरताना कधी चुकून एकाच जागी दोनदा उतरतो, इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. (तुझी मान मात्र झोपेमुळे डोलत होती, असा माझा संशय आहे.) पुढे मी म्हणाले, पहिली प्रत नेमून दिलेलं काम करत राहते, म्हणून दुसरीला चुका करायला सवड मिळते. बहुतेक वेळा ती दुसरी प्रत बिघडून निकामी होते. पण लाखो वर्षांत एखादीला त्या चुकांतूनच नवं काम सापडतं.

"चुका करायला सवड," नागप्पा म्हणाले, "ती आमच्या घरात ह्याला मिळाली." आणि त्यांनी मुलाकडे, म्हणजे मन्मथकडे, बोट दाखवलं.

मुलगा बिचारा आल्यापासून सतरंजी बघत बसला होता. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "तांबडी साडी शोभती तुमाला."

मी तुझी हिरवीगार साडी नेसले होते, हे तुला सांगायला नकोच.

नागप्पांचा चेहरा बघवेना. त्यांनी भडाभडा सांगितलं, की कापडाच्या दुकानात हा असाच करतो. एका लग्नाला तांबडं कापड मागितलं तर हिरवा तागा फाडून दिला. ध्यान नाही, मन नाही, म्हणून आता गल्ल्यावरून काढून मागच्या गोदामात बसवलाय. मुलगा परत सतरंजीकडे वळला. मला राहवेना. मी हातातल्या हिरव्या बांगड्या आणि आईच्या लुगड्याचा तांबडा काठ शेजारी धरला आणि विचारलं, "यांत काही फरक दिसतो?" तो बराच वेळ बघून म्हणाला, "काठ जरा मळकट वाटतो."

तेव्हा मी सांगितलं, की तांबडं आणि हिरवं वेगळं दाखवणारी दोन जनुकं अशीच एकाची दोन झालेली आहेत. एक तांबड्याकडे झुकलं, एक हिरव्याकडे. (आमच्या सरांनी हे परवाच शिकवलं, शोध अगदी ताजा आहे.) अजून ती शेजारी शेजारी आणि इतकी सारखी आहेत, की पुढच्या पिढीत उतरताना गोंधळ होऊन कधी एक गळून जातं. मग माणूस कितीही ध्यान देवो, ते दोन रंग त्याला वेगळे दिसत नाहीत.

"म्हंजे मी येंधळा न्हाई?" मन्मथनं विचारलं. माझ्याकडे नाही, बापाकडे बघून. नागप्पांनी चहाचा कप उचलला, रिकामा होता तरी प्यायले.

इथं मी थांबायला हवं होतं. पण त्यांनी "मग हे येतं कुठून" विचारलं आणि मी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं, "आईकडून. आईला स्वतःला दिसतं नीट, पण मुलात उतरतं." झालं. मुलाची आई, मनकर्णाबाई, उठल्याच. "माज्या माहेरात असलं काई न्हाई," म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या. आमच्या अप्पांनी तबकातली सुपारी नुसतीच चाळवली. आई माझ्याकडे बघत होती ते मी विसरणार नाही.

आणि तू जागेवरून न हलता म्हणालीस, "बसा, ताई. आमच्या वडलांचं, अण्णांचंबी तसंच होतं. पिकल्या मिरच्या तोडायला गेले की निम्म्या हिरव्या आणायचे. त्यात लाजायचं काय? लेकरं वाढवली की त्यांनी."

मनकर्णाबाई उभ्याच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माजा दादा पोळ्याला बैलाची शिंगं हिरवी रंगवायचा आन् तांबडी म्हणायचा. आमी समदे हसायचो त्याला." आणि बसल्या. डोळ्यांना पदर लावला. पोटच्या पोरालाही आपण असंच हसलो, हे बहुतेक त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

पाथरीहून होकार आला. मन्मथ पुन्हा गल्ल्यावर बसतो. नागप्पांनी स्वतः ताग्यांच्या फळ्यांवर रंगांची नावं लिहिली. पोत हातानं ओळखण्यात त्याच्यासारखा कुणी नाही, असं आता गिऱ्हाइकांना तेच सांगतात. मलाही तो आवडला. हे सगळं तुझ्यामुळे.

तुझी,
बसम्मा

ता. क. एक विचारायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. अण्णाआजोबांचं ते खरं होतं, की तू वेळ मारून नेलीस? आई म्हणते, "भागम्मालाच ठाऊक." खरं असेल तर ते आईत आलंच आहे, आणि माझ्यातही आलेलं असू शकतं. मग मन्मथशी लग्न केल्यावर, दोघांकडूनही उतरलं तर, आमच्या मुलीसुद्धा तांबड्याला हिरवं म्हणू शकतील. निर्णय बदलणार नाही, पण मनाची तयारी असावी. लवकर कळव.

ता. क. २. कळवू नकोस. इतकं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की उत्तर काहीही आलं तरी मी लग्न त्याच्याशीच करणार आहे. लाडू मात्र संपले.